ब्याऐंशी किलो

“पंच्याऐंशी,” जावई म्हणाला, आणि मी पेन्सिल खाली ठेवली.

“मौरिसियो, सव्वीस वर्षं मी या खिडकीमागे उभी राहून लोकांच्या पायांत स्कीचे बूट घालतेय. पंच्याऐंशी किलोचा माणूस कसा दिसतो ते मला माहितीये. तू तसा दिसत नाहीस.”

“जॅकेट जाड आहे ना, सासूबाई.”

“मग जॅकेट काढ आणि काट्यावर उभा राहा.”

त्याने मदतीसाठी माझ्या मुलीकडे पाहिलं. यास्ना बाकावर बसून नातीच्या पायात तिसरा मोजा चढवत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे खांदे हसत होते. मौरिसियो काट्यावर चढला. आमचा काटा जुना आहे, पूर्वी बटाट्याची पोती मोजायचा. त्याचं सरकतं वजन मी सावकाश पुढे नेलं, अजून थोडं पुढे नेलं, आणि दांडी सत्त्याण्णववर स्थिर झाली.

“बारा किलोचं जॅकेट आहे हो,” मी म्हटलं, “आणि तेही काढून ठेवल्यावर.”

आता एवढं कशाला वैतागायचं, असं कुणालाही वाटेल. पण स्कीवर बूट धरून ठेवणारा जो खटका असतो, तो माणसाच्या वजनावर लावावा लागतो. वय, उंची, वजन, बुटाची लांबी आणि स्की किती येते, एवढं कार्डावर लिहायचं, तक्त्यात आकडा बघायचा आणि पेचकसाने खटक्याचा स्क्रू त्या आकड्यापर्यंत फिरवायचा. माणूस पडला की खटका सुटला पाहिजे. फार सैल ठेवला तर भलत्याच वेळी सुटतो, फार घट्ट ठेवला तर सुटतच नाही, आणि मग स्कीऐवजी पाय मोडतो. हे सगळं मी प्रत्येकाला सांगते. सगळे माना डोलावतात आणि मग खोटं बोलतात. बायका दहा किलो कमी सांगतात. पुरुष वजनही कमी सांगतात आणि वर म्हणतात, मला उत्तम येतं. सव्वीस वर्षांत स्वतःहून वजन जास्त सांगणारा माणूस माझ्या खिडकीवर आला नव्हता.

“आजी, मला शू लागली,” अँतोनेला म्हणाली. तिच्या अंगावर चार थर, त्यावर खांद्यावरून पट्टे असलेली विजार, आणि आता तीन मोजे.

“आत्ता?” यास्ना किंचाळली. “खाली असताना विचारलं होतं ना तुला?”

“खाली नव्हती लागली.”

तर असा आमचा दिवस सुरू झाला होता. खरं म्हणजे त्याच्याही आधी. जूनच्या पहिल्या शनिवारी, आमच्याकडे हिवाळा लागतो तेव्हा, लोकांसाठी डोंगर उघडायच्या आठवडाभर आधी, आमच्या ला पिर्का डोंगरावर कामगारांच्या घरच्यांना फुकट स्की करू देतात. मालक त्याला भेट म्हणतात. लिफ्ट नीट चालते का, बर्फाखालून दगड वर येतात का, हे आमच्या पोराबाळांवर तपासून घ्यायचं असतं हे सगळ्यांना कळतं, तरी सगळे येतात. या वर्षी तर बर्फ होता म्हणायचा म्हणून होता. तीन दिवस सगळे कामगार आराउकारियाच्या झाडांखालचा बर्फ ताडपत्र्यांवर ओढून उतारावरच्या टकलांवर टाकत होते. तरी मधूनमधून गवत डोकावत होतंच.

मौरिसियोला मी दोनदा फोनवर सांगितलं होतं, चाकांना बांधायच्या साखळ्या आण. तो शहरातला माणूस. म्हणाला, माझे टायर नवे आहेत. नवे टायर वरून तिसऱ्या वळणावर आडवे झाले आणि अख्खा रस्ता अडला. मग एरिबेर्तो, माझा नवरा, आमच्या साखळ्या खांद्यावर टाकून खाली गेला आणि चिखलात उताणा पडून त्या बांधून आला. परत आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि त्याला धड बोलता येत नव्हतं.

“उंचीचा त्रास,” तो म्हणाला.

चौतीस वर्षं याच डोंगरावर लिफ्टचा मेकॅनिक म्हणून काढलेल्या माणसाला उंचीचा त्रास! आज बोलायचंच नाही, आज काटाच बोलेल, असं मी ठरवलं होतं.

त्याचं असं झालं. एप्रिलमध्ये एरिबेर्तोने खिळ्याने पट्ट्याला नवीन भोक पाडलं. विचारलं तर म्हणाला, चामडं सैलावलंय. मे महिन्यात आणखी एक पाडलं. मी त्याला ओढत गावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, परत दाबून पाहिलं, आणि शहरातल्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहून दिली. तारीख मिळाली या येत्या सोमवारची, सकाळी आठची. तेव्हापासून ती चिठ्ठी चमच्यांच्या खणात पडली होती आणि आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. तो म्हणायचा, जेवतोय, झोपतोय, कशाला जायचं? मी म्हणायचे, जेवतोस कुठे, ताटात नुसता काटा फिरवतोस. शेवटी एकदा भांडून भांडून दोघंही दमलो आणि तो म्हणाला, “हे बघ म्हातारे, आपल्या बूटघरातल्या काट्यावर बघू. वर्षानुवर्षं मीच तो नीट करतोय, तो खोटं बोलत नाही. पंच्याहत्तरच्या खाली असलो तर निमूट येईन. वर असलो तर हा विषय बंद.”

“कबूल?”

“कबूल. आणि यास्नाला यातलं काही कळता कामा नये.”

एरिबेर्तोच्या कार्डावर एकोणीस वर्षं एकच वजन होतं, ब्याऐंशी. दर वर्षी मी फक्त वय खोडून नवीन लिहायचे. घरच्या माणसाला कोण काट्यावर चढवतं? चूक माझीही होती.

अँतोनेलाला सोडवून, परत बांधून यास्ना आली तेव्हा एरिबेर्तो दारातून आत शिरला. अंगात त्याचं कामाचं मोठं जॅकेट होतं, आतून बाहेरून खिशांनी भरलेलं. तो चालला की त्यातून नेहमीच पाने आणि नटबोल्ट वाजायचे, तसे आजही वाजत होते.

“ताता, आता तू!” अँतोनेला आजोबांना बघून ओरडली. “आजीने बाबांना पकडलं, बाबा खोटं बोलत होते.”

“असं? मग मला घाबरायलाच हवं.” तो बुटांसकट काट्यावर चढला.

“जॅकेट काढ,” मी म्हटलं.

“आत नुसता बनियन आहे, एदुविना. एवढ्या लोकांसमोर काय उघडा होऊ? लोकांच्या बुटाकपड्यांचे चार किलो वजा करतेस ना? माझेही कर.”

मागे रांग लागली होती. स्वयंपाकघरातल्या बाईंची तीन मुलं एकमेकांना काठ्यांनी टोचत होती. मी वजन सरकवलं. दांडी चौऱ्याऐंशीवर थांबली.

चार वजा. ऐंशी.

मी दोनदा पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, काट्याकडेही बघत नव्हता, खिडकीबाहेर बघत होता.

“दोन किलो उतरलेत,” मी म्हटलं.

“तुझ्या हातचं खाऊन दोनच उतरलेत हे नशीब,” तो म्हणाला, आणि रांगेतले सगळे हसले. मीही हसले. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मग स्वतःची लाजही वाटली. महिनाभर मी त्या माणसाला पोखरलं होतं. पट्ट्याचं चामडं खरंच सैलावलं असेल. मी त्याच्या खटक्यांचे स्क्रू नेहमीप्रमाणे साडेसहावर ठेवले आणि कार्डावर ब्याऐंशी खोडून ऐंशी लिहिलं. त्याने जॅकेट माझ्या मागच्या खुंटीवर अडकवलं आणि त्याचा जुना लाल स्वेटर चढवला. नुसता बनियन-बिनियन काही नव्हता, आत चांगला लोकरी शर्ट होता. ते मी पाहिलं, पण त्याचा अर्थ लावायला मला सवड नव्हती, कारण तेवढ्यात मौरिसियो डाव्या पायात उजवा बूट घालून आला होता.

अँतोनेलाला एरिबेर्तोने सकाळभर खालच्या सपाटीवर शिकवलं. खिडकीतून मला दिसत होतं. तो उलटा चालत होता, ती त्याच्याकडे घसरत येत होती आणि दर वेळी त्याच्या पोटावर आपटत होती. दर वेळी तो क्षणभर डोळे मिटत होता. तिकडे मौरिसियो, ज्याला उत्तम येत होतं, एका कुंपणात शिरला. अकरा वाजता एरिबेर्तोने मला हात केला आणि नातीला घेऊन खुर्चीच्या लिफ्टने मधल्या झोपडीकडे गेला. तिथे चहा प्यायचा आणि लांबच्या उताराने तिला खाली आणायचं, असं त्याने तिला उन्हाळ्यापासून कबूल केलं होतं.

मी दमून स्टुलावर बसले. यास्ना स्की करत नाही, ती काउंटरमागे थर्मासमधला चहा ओतत होती.

“आई, थंडी वाजतेय. बाबांचं जॅकेट घेते गं,” ती म्हणाली आणि तिने ते ओढलं. ते आलं नाही. तिने हिसका दिला. खुंटी भिंतीतून उपटली, जॅकेट धाडकन जमिनीवर पडलं आणि त्यातून लोखंडाचा एक तुकडा गडगडत माझ्या पायाशी आला.

“हे काय भरलंय यात? दगड?”

लिफ्टच्या केबलचे जुने क्लँप होते. बदलून काढलेले, गंजलेले, मुठीएवढे जड. आतल्या खिशांत दोन, दोन बाहेरच्या, आणि पाठीमागच्या अस्तरात चार, पडू नयेत म्हणून सुतळीने बांधलेले. मी एकेक काढून काट्यावर ठेवला. साडेबारा किलो.

आधी मला राग आला. इतका की कान तापले. माझी चार किलोंची वजाबाकी त्याला पाठ होती, तीसुद्धा त्याने धरली होती. आणि ब्याऐंशी भरता आले असते तरी मुद्दाम ऐंशीवरच थांबला होता! दोन किलो त्याने माझ्यासाठी सोडून दिले होते, मला खरं वाटावं म्हणून. सुतळीच्या गाठी कशा नीट, एकसारख्या मारलेल्या होत्या. रात्रभर बसला असेल गाठी मारत.

ऐंशीतून साडेबारा गेले. साडेसदुसष्ट.

“आई?” यास्ना म्हणाली. “आई, काय झालं?”

मग मी तिला सांगितलं. पट्टा, पोट, चिठ्ठी, सोमवार. चार वाक्यांत संपलं. ती एक क्लँप हातात धरून बाकावर बसली. तिला जवळ घ्यायला हवं होतं मी, पण तेवढ्यात दुसरी गोष्ट डोक्यात आली. त्याचे खटके साडेसहावर होते. ऐंशी किलोच्या माणसाचे. त्रेसष्ट वर्षांच्या, साडेसदुसष्ट किलोच्या माणसाला ते साडेचारवर हवेत. आज बर्फ हा असा, खाली दगड. पडला तर खटका सुटणार नाही, आणि तो खटका माझ्या हाताने लावलेला.

मी भिंतीवरचा वायरलेस उचलला आणि मधल्या झोपडीला बोलावलं.

“एरिबेर्तो आहे का तिथे? त्याला उतरू देऊ नका.”

“आहे की,” झोपडीवरच्या सेगुंदोचा आवाज आला. “गरम तळलेली सोपाइपिया पुढ्यात घेऊन बसलाय. खात मात्र नाही. का, काय झालं?”

आमच्या डोंगरावर वायरलेस एकच. खाली लिफ्टवाला ऐकतो, वरचा ऐकतो, स्वयंपाकघर ऐकतं, मालकांच्या खोलीत ऐकू जातं. माझ्या नवऱ्याचं वजन मी त्या सगळ्यांना सांगणार नव्हते. त्याने काय केलं, तेही नाही.

“त्याच्या खटक्यात चूक राहिली,” मी म्हटलं. “माझी चूक. मी वर येऊन दुरुस्त करते.”

काही क्षण नुसती खरखर. मग खालचा लिफ्टवाला म्हणाला, “एदुविनाची चूक? तारीख लिहून ठेवा रे कोणीतरी.” आणि सगळा डोंगर हसला.

मला स्की येत नाही, आणि लिफ्टच्या खुर्चीत बसायला मला मुळीच आवडत नाही. पेचकस खिशात टाकून मी बसले. अर्ध्या वाटेवर लिफ्ट बंद पडली. पडणारच, त्यासाठीच तर हा दिवस असतो. पायांखाली पंधरा मीटरवर गवताचा एक पट्टा होता आणि त्यात कोणाचा तरी हातमोजा. खुर्ची हेलकावे खात होती आणि मी मोठ्याने बोलत होते, ऐकायला कोणी नव्हतं म्हणून. मूर्खा. गाढवा. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या जिवाची काळजी करत या तारा तपासल्यास, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा खिशात लोखंड भरलंस. मला फसवलंस. मला! असं बरंच बोलले. मग थोडी रडले. मग लिफ्ट सुरू झाली आणि मी नाक पुसलं.

झोपडीच्या बाहेर बाकावर तो बसला होता. अँतोनेला त्याच्या वाट्याची सोपाइपिया खात होती. आपल्या हाताने पाठीत लोखंड बांधणारा माणूस तिथे बसून तिच्या हनुवटीवरचं तेल पुसत होता. स्की बर्फात रोवून ठेवलेल्या होत्या. मला येताना बघून तो उठला नाही.

“तुझी चूक म्हणे,” तो हळूच म्हणाला.

“यास्नाने जॅकेट उचललं.”

स्वेटरच्या बाहीत त्याचं मनगट दिसत होतं. चार तासांपूर्वी तेच मनगट मला दिसलं नव्हतं. माणसांच्या पायांत सव्वीस वर्षं बूट घालते म्हणून मी मिरवते, आणि आज त्याच्या बुटाचा पट्टा दोन घरं पुढे लागला, तेही मी पाहिलं नव्हतं.

“तिला सांगितलंस?”

“सांगितलं.”

“आजी, ताता मला खाली नेणार आहे,” अँतोनेला म्हणाली. “लांबच्या वाटेने. त्याने प्रॉमिस केलंय.”

“नेईल ना,” मी म्हटलं. “आधी मला त्याच्या स्की नीट करू दे. सेगुंदोकाकांकडे जा, अजून एक सोपाइपिया माग.”

ती गेली. मी एक स्की उपटली, बाकासमोर बर्फात गुडघे टेकले आणि ती मांडीवर आडवी घेतली. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. खुर्चीत सगळी वाक्यं जमवली होती. आता एकही सापडेना.

“लोक कमी सांगतात रे, म्हाताऱ्या,” मी म्हटलं. “जास्त सांगणारा तू पहिलाच.”

“भीती वाटली,” तो म्हणाला. “त्या चिठ्ठीची. तिथे गेलं की परत येताना माणूस वेगळा होऊन येतो, एदु. मला एकदा तिला या उतारावरून खाली आणायचं होतं. आहे तसाच.”

मी पेचकस स्क्रूत बसवला आणि फिरवायला लागले. सहा. साडेपाच. पाच. तो वाकून बघत होता. चौतीस वर्षं मेकॅनिक, दुसऱ्याच्या हातातलं काम बघितल्याशिवाय त्याला राहवत नाही. तक्ता माझ्याजवळ नव्हता, पण तोंडपाठ होता. मी साडेचारवर थांबले.

“सोमवारची गाडी कितीची?” त्याने विचारलं.

“सव्वापाचची. अंधारातच निघावं लागेल.”

“हं.”

मी स्की त्याच्या पायाशी ठेवली. त्याने ती घेतली नाही. तिच्यावरच्या आकड्याकडे बघत राहिला. मग दुसरी स्की त्याने स्वतः बर्फातून उपटली, खटक्यातला बर्फ अंगठ्याने साफ केला आणि दोन्ही हातांनी माझ्या मांडीवर ठेवली.

“एप्रिलमध्ये दवाखान्यात काट्यावर चढलो होतो,” तो म्हणाला. “एकटाच गेलो होतो, तुझ्या आधी. तेव्हाच सत्तर होतं.” थोडा थांबून म्हणाला, “आज सकाळी बूटघरातल्या काट्यावर गुपचूप पाहिलं, तू यायच्या आधी. तुझा हिशेब बरोबर नाहीये. खिशात पानेही होते, ते तू वजा केलेच नाहीस.”

मी वर पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता, आज पहिल्यांदा.

मी स्क्रू फिरवला. साडेचारला थांबले.

“अजून थोडा,” तो म्हणाला.

मी अजून थोडा फिरवला.